सांता बार्बरातली अमेरिका आणि ताईचं ॲडमिशन

१९९३ च्या मे महिन्यात डोंबिवलीला माझ्या आत्याच्या घरी परदेशी तिकिटं लावलेलं एक जाडजूड पाकीट आलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठानं माझ्या आतेबहिणीला मायक्रोबायॉलॉजीच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश दिला होता. फी माफ, शिवाय प्रयोगशाळेत शिकवण्याचं काम आणि त्याचे राहण्याजेवण्यापुरते पैसे. ताई तेव्हा बावीस वर्षांची होती, नुकतीच एमएस्सी झालेली. ते पाकीट पंधरा दिवस देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी राहिलं. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर आत्यानं ते कपाटातल्या फायलीत ठेवून दिलं आणि विषय संपला.

पैशांची अडचण नव्हती. तिकिटासाठी आतोबा पतपेढीतून कर्ज काढायला तयार होते. मुलीनं शिकू नये असंही कुणाचं म्हणणं नव्हतं, आत्या स्वतः मराठी शाळेत इतिहास शिकवायची. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "तिथे काय चालतं ते आपण रोज डोळ्यांनी बघतोय ना."

डोळ्यांनी म्हणजे टीव्हीवर. आमच्या घरातल्या कुणीही तोपर्यंत अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नव्हतं. आत्या रोज बघत होती ते कॅलिफोर्नियातलं समुद्रकाठचं एक गाव, आणि ताईला जायचं होतं ते तिथून तीन हजारांहून जास्त किलोमीटर लांब, मक्याच्या शेतांच्या प्रदेशात. पण हे अंतर त्या रविवारी कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी पंधरा वर्षांची होते आणि मलाही आत्याचं पटलं होतं.

त्या नकाराचा माग मी पुढे बरीच वर्षं काढत राहिले. एका देशातल्या स्त्री-पुरुषांच्या चालीरीतींबद्दल दुसऱ्या देशातल्या एका घराचं मत टीव्हीनं कसं घडवलं आणि त्या मताची किंमत कुणी मोजली, ते इथे मांडते आहे.

तार घरात आली

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांत सीएनएनवर ते थेट दिसू लागलं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. एशियासॅट-१ या उपग्रहावरून येणारा सिग्नल पकडायला मोठी डिश लागायची. कुणीतरी ती गच्चीवर बसवायची आणि तिथून शे-दोनशे घरांत तारा ओढायच्या, असा धंदा गल्लोगल्ली उभा राहिला. त्याच्यासाठी कायदा येईपर्यंत १९९५ उजाडलं. आत्याकडची काळी तार समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून निघून नारळाच्या झाडाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या ग्रीलमधून आत आली होती. वाऱ्यात ती हलली की चित्रावर मुंग्या यायच्या.

तोवर आम्ही दूरदर्शनवर वाढलो होतो. रामायण, महाभारत, रविवारचा सिनेमा. सिनेमात नायक-नायिका जवळ आले की दोन फुलं एकमेकांना टेकायची. आणि अचानक स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' दिसू लागल्या. पाठोपाठ 'बेवॉच' आलं.

आत्याच्या टीव्हीला रिमोट नव्हता. सर्वांत लहान म्हणून मी टीव्हीच्या अगदी जवळ बसायची आणि वेळ आली की उठून बटण दाबायचं ही माझी जबाबदारी होती. थोड्याच दिवसांत मला ती वेळ संगीतावरून कळू लागली. व्हायोलिन खालच्या सुरात सुरू झालं, दोन माणसं बोलायची थांबली, कॅमेरा चेहऱ्याकडे सरकू लागला की मी अर्धी उठलेली असायची. आतोबा पेपर वर धरायचे. आत्या पाणी आणायला जायची. अर्ध्या मिनिटानं परत तेच चॅनेल लागायचं, कारण मालिका कुणालाच सोडवत नव्हती.

त्या संध्याकाळी परत परत आठवून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आत्याला अमेरिकन इंग्रजी कळत नव्हतं. शाळेतलं व्याकरणाचं इंग्रजी तिला यायचं, पण हे तोंडातल्या तोंडात बोललेलं अजिबात नाही. त्यामुळे मालिकेतलं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, पोचत होती फक्त चित्रं. लग्न, चुंबन, रडणं, पलंग, दुसरा पुरुष, परत लग्न. वास्तविक या मालिकांमधली माणसं दिवसभर पापपुण्याबद्दलच बोलत असतात. कुणी नवऱ्याला फसवलं तर त्यानंतरचे तीस भाग पश्चात्ताप, कबुली, बदनामी आणि तुटलेल्या नात्यांत जातात. लग्नं चर्चमध्ये पाद्र्यासमोर लागतात आणि ऐन वेळी मोडली की अख्खं कुटुंब कोसळतं. म्हणजे मालिकेची नैतिक चौकट आत्याच्या चौकटीपासून फार लांब नव्हती. पण ती सगळी शब्दांत होती, आणि शब्द गळून गेले होते. उरलं ते आम्हाला बटण दाबायला लावणारं अर्धं मिनिट.

न संपणाऱ्या गोष्टीचा धंदा

अमेरिकेत या मालिका दुपारी लागायच्या. रेडिओच्या काळापासून साबण बनवणाऱ्या कंपन्या त्यांना पैसा पुरवायच्या म्हणून त्यांना सोप म्हणू लागले. आठवड्याला पाच भाग, वर्षानुवर्षं, न संपणारे. 'बोल्ड'चा पहिला भाग १९८७ च्या मार्चमध्ये लागला. लॉस एंजेलिसमधलं फॉरेस्टर हे घराणं, त्यांचा फॅशनचा व्यवसाय, आणि ब्रूक नावाची नायिका जी आधी वडिलांशी लग्न करते आणि नंतर त्यांच्याच मुलाशी. आमच्याकडे याच्यावर जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच कशावर झाली असेल. "सासऱ्याशी लग्न!" आत्याच्या शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत हेच बोलायच्या.

पण लेखकाच्या जागी बसून बघा. दोन-चार घराणी आणि मोजकी वीस-पंचवीस पात्रं. आठवड्याला पाच भाग द्यायचेत. खर्च वाचवायचा म्हणून शूटिंग बंद खोल्यांत, दिवाणखाना, ऑफिस, शयनगृह. गोष्ट कधीच संपवायची नाही. सुखी लग्न झालं की गोष्ट थांबते, म्हणून लग्न मोडावंच लागतं. मोडल्यावर नवीन जोडीदार बाहेरून आणला तर नव्या नटाला पैसे द्यावे लागतात, म्हणून तो त्याच वीस जणांतून शोधायचा. दहा वर्षं हा हिशेब चालवला की दीर, सासरा, मैत्रिणीचा नवरा सगळे वापरून होतात. याचा अमेरिकेतल्या कुटुंबांच्या वागण्याशी काडीचा संबंध नाही. घरात उरलेलं सामान परत परत वापरून रोजचा स्वयंपाक रेटण्यासारखं ते आहे. अमेरिकेतली दुपारी कपड्यांना इस्त्री करत बघणारी बाई हे जाणून होती, कारण टीव्ही बंद केल्यावर तिच्यासमोर तिची स्वतःची गल्ली होती. शेजारी, चर्च, मुलांची शाळा. आत्यासमोर अमेरिकेची गल्ली नव्हती. जे होतं ते पडद्यावर.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली आणि ती कळल्यावर मी खरोखर हादरले. 'सांता बार्बरा' १९८४ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली आणि प्रेक्षक मिळेनात म्हणून १९९३ च्या जानेवारीत तिथे बंद झाली. ताईचं पाकीट येण्याआधी चार महिने. 'बेवॉच'ला तर एनबीसीनं १९९० मध्ये एकाच हंगामानंतर घरी पाठवलं होतं. मग निर्मात्यांनी ते स्वतंत्रपणे विकायला काढलं, परदेशांत त्याला गिऱ्हाईक मिळालं आणि ते जगभर पसरलं. पोहण्याचे लाल कपडे, समुद्र, धावणारी शरीरं, थोडंसंच बोलणं. याला भाषांतर लागत नाही, कुठल्याही देशात चालतं. आणि त्याच १९९१ ते १९९४ या काळात अमेरिकेत सलग तीन हंगाम सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम कोणता होता? '६० मिनिट्स'. रविवारी संध्याकाळी लागणारा बातम्यांचा कार्यक्रम, ज्यात पोक्त वयाचे पत्रकार कोट-टाय घालून भ्रष्टाचाराची प्रकरणं उघडी पाडत.

म्हणजे अमेरिकन माणसानं आपल्या घरात नाकारलेला माल आमच्या घरात अमेरिका म्हणून लागला होता.

तेव्हा खरं काय चाललं होतं

आत्यानं पाकीट फायलीत ठेवलं त्याच्या आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकन लोकांच्या लैंगिक जीवनाची एक मोठी पाहणी केली होती. १८ ते ५९ वयाच्या ३,४३२ माणसांच्या समोरासमोर बसून मुलाखती, आणि माणसं शास्त्रशुद्ध नमुन्यानं निवडलेली. निष्कर्ष १९९४ मध्ये बाहेर आले तेव्हा खुद्द अमेरिकन वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटलं, इतके ते साधे होते. वर्षभरात एकच जोडीदार असलेले किंवा कुणीच नसलेले लोक ८३ टक्के. विवाहित पुरुषांपैकी सुमारे ७५ टक्के आणि विवाहित बायकांपैकी सुमारे ८५ टक्के म्हणाले की आपण जोडीदाराशी कधीच बेइमानी केलेली नाही. आणि शरीरसुखाबाबत सर्वांत समाधानी कोण? लग्न करून संसाराला लागलेली माणसं. 'विवाहबाह्य संबंध नेहमीच चुकीचे' असं म्हणणाऱ्या अमेरिकनांचं प्रमाण त्या दशकातल्या पाहण्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त होतं.

या पाहणीची जन्मकथा तर आकड्यांहून बोलकी आहे. ती मुळात सरकारी पैशानं, याहून कितीतरी मोठी व्हायची होती. पण १९९१ मध्ये, म्हणजे आमच्याकडे तार आली त्याच वर्षी, अमेरिकी संसदेनं तिचा पैसा अडवला. लोकांना असले प्रश्न सरकारनं विचारणं सदस्यांना अशोभनीय वाटलं. शेवटी खासगी प्रतिष्ठानांच्या देणग्यांवर छोटी पाहणी उभी राहिली. इतक्या संकोची देशाला आम्ही निर्लज्ज समजत होतो.

१९९४ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या हिरवळीवर दोन लाखांहून जास्त छोटी कार्डं जमिनीत रोवली गेली. एकेका कार्डावर एकेका तरुण मुलाची किंवा मुलीची सही होती, लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाही या शपथेखाली. टेनेसीतल्या एका चर्चपंथाच्या मोहिमेतून ही कार्डं आली होती. १९९६ च्या एका कायद्यानं अशा 'लग्नापर्यंत संयम' शिकवणाऱ्या वर्गांसाठी वर्षाला ५ कोटी डॉलर राखून ठेवले. आणि १९९८ मध्ये एका तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल शपथेवर खोटं बोलल्याच्या आरोपावरून राष्ट्राध्यक्ष क्लिंटनवर महाभियोग आला, तेव्हा डोंबिवलीत आतोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, त्यांच्यात चालतं ना हे?" तो प्रश्न अगदी बरोबर होता. सात वर्षं टीव्हीनं शिकवलेलं आणि त्या सकाळचा पेपर, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. पण आतोबांनी पान उलटलं.

याचा अर्थ अमेरिका म्हणजे सात्त्विकांचा देश असं मला मुळीच म्हणायचं नाही. घटस्फोट तिथे खरंच भरपूर होते. १५ ते १९ वयोगटातल्या दर हजार मुलींमागे बाळंतपणं १९९१ मध्ये जवळपास ६२ होती, नेदरलँड्ससारख्या देशाच्या कितीतरी पट. यात आत्यानं काळजी करावी असं होतंच. पण ती काळजी गरीब घरातल्या, शाळेत धड लैंगिक शिक्षण न मिळालेल्या, गर्भनिरोधकं हाताशी नसलेल्या मुलींची होती. त्या मुली 'बोल्ड'मध्ये कधीच दिसल्या नाहीत. टीव्हीनं अमेरिका जितकी होती त्याहून वाईट दाखवली असं म्हणणं पुरेसं नाही. त्यानं तिची खरी दुखणी झाकली आणि नसलेली दाखवली.

बागाच्या किनाऱ्यावर

२००१ च्या जानेवारीत पुण्यातल्या आमच्या ऑफिसची सहल गोव्याला गेली. बागाच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. शॅकसमोर दोन गोऱ्या बायका आरामखुर्च्यांवर वाचत पडल्या होत्या, एक पस्तिशीची, दुसरी सत्तरीच्या आसपासची. आमच्यातल्या तिघांनी आधी लांबून फोटो काढले. मग एक जण जवळ गेला आणि धाकटीला म्हणाला, "फ्रेंडशिप?" तिनं नको म्हटलं. त्यानं तिच्या खुर्चीच्या कडेला बसत परत विचारलं. ती उठली, अंगाभोवती टॉवेल घट्ट गुंडाळला आणि आईच्या पुढे जाऊन उभी राहिली, जणू झाकायचं होतं ते आईला.

मी मध्ये पडले ते खूप उशिरा. माफी मागितली, थोडं बोलले. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातली नर्स होती. वडील वारल्यावर आईला कुठेतरी ऊन दाखवावं म्हणून दोन वर्षं पैसे साठवून आली होती. रोज हेच होतं, ती म्हणाली, काल पाण्यात असताना एकानं हात धरला. बसमध्ये परत येताना तो सहकारी मनापासून गोंधळलेला होता. "एवढा राग कशाचा? त्यांच्यात चालतं ना."

ती अमेरिकन नव्हती. पण पडद्यावरून जो रंग शिकला गेला होता त्यात इंग्लंड, जर्मनी, रशिया असा भेद नव्हता. गोरी कातडी आणि पोहण्याचे कपडे म्हणजे बेवॉच. १९८० च्या दशकात गोव्यात चार्टर विमानं येऊ लागली तेव्हापासून परदेशी पर्यटक तिथे मोठ्या संख्येनं आहेत, आणि किनाऱ्यावरच्या गोवेकरांना ते गिऱ्हाईक म्हणून, कधी वर्षानुवर्षांचे ओळखीचे म्हणून माहीत असतात. कोण आजारी आहे, कोणाचा नवरा वारला, हे शॅकवाल्याला ठाऊक असतं. घाटावरून बस भरून येणाऱ्या आम्हा मंडळींना फक्त सिरियल माहीत होती.

'त्यांच्यात चालतं' या दोन शब्दांत एक परवाना आहे. ज्या बाईबद्दल आपण ते म्हणतो तिचा नकार आपल्याला नकार वाटेनासा होतो. त्या दिवशी मी आधीच बोलायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

पटलं का, हा खरा प्रश्न

टीव्हीनं दाखवलं म्हणून लोकांनी मानलं, इतकं ते सरळ नाही. १९८० च्या दशकात तामार लीब्स आणि एलिहू कॅट्झ या संशोधकांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना 'डॅलस' ही अमेरिकन मालिका दाखवून त्यांच्या गप्पा टिपल्या. तुलनेसाठी लॉस एंजेलिसमधल्या अमेरिकन प्रेक्षकांशीही बोलले. अमेरिकनांना ती लेखकांनी बांधलेली करमणूक वाटली. अरबांनी आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यू कुटुंबांनी मात्र ती खऱ्या घराण्याची हकीकत असावी तशी सांगितली आणि पात्रांचा नैतिक न्यायनिवाडा केला. रशियाहून आलेल्यांना वाटलं, या मालिकेमागे काहीतरी संदेश लपवलाय. मालिका तीच, पण जो तो आपापल्या अंगणातून बघत होता. नंतर, २००२ च्या सुमारास, बोस्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात बारा देशांतल्या किशोरवयीन मुलांना अमेरिकनांबद्दल विचारलं गेलं. अमेरिकन बायका चारित्र्यानं सैल असतात, हा समज देशोदेशी सापडला, आणि त्यातली बहुतेक मुलं अमेरिकेला कधी गेलेलीच नव्हती.

आमच्या घराचं अंगण कसं होतं? ओळखीपैकी जे कुणी अमेरिकेत होते ते वर्षातून एखादं पत्र हवाई टपालानं पाठवत. त्यात गाडी, बर्फ आणि पगार. सोबत फ्रीजला टेकून काढलेला फोटो. फोन महाग, तीन मिनिटांत 'सगळे बरे' एवढंच. तिथले शेजारी कसे वागतात, मुली संध्याकाळी किती वाजता घरी येतात, हे कुणी लिहीत नव्हतं, कारण विचारायची कुणाची हिंमत नव्हती. १९९० च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय सव्वाआठ लाखांच्या आत होते. दहा वर्षांत ते जवळपास सतरा लाख झाले. संगणकवाल्यांची लाट आल्यावर मराठी मध्यमवर्गाचं मत हळूहळू बदललं, आणि ते टीव्हीनं बदललं नाही. बाळंतपणाला गेलेल्या आयांनी परत येऊन शेजारणींना सांगितलं म्हणून बदललं. ताईचं पाकीट दहा वर्षं आधी आलं, एवढाच तिचा दोष.

आणि एक कारण असं आहे जे बोलताना माझीच जीभ अडखळते. आम्हाला ते खरं असावं असं वाटत होतं. त्यांच्यात चालतं म्हटलं की आपल्यात चालत नाही हे न बोलता सिद्ध व्हायचं. पेपरांतून 'सांस्कृतिक आक्रमण' हा शब्द रोज येत होता. आपल्याच चाळीत काय चालतं, कोणाची मुलगी का अचानक गावी पाठवली, कोणाचा नवरा संध्याकाळी कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. ब्रूकवर बोलणं सोपं होतं. तिच्यावर बोलता बोलता आत्याच्या शाळेतल्या एक बाई एकदा म्हणाल्या होत्या, "निदान ती सोडून तरी जाते." नंतर सगळ्याजणी बराच वेळ गप्प होत्या, हे आत्यानंच मला पुढे सांगितलं.

ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. केबलनं फक्त गैरसमज आणले नाहीत. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळातल्या भारतीय खेड्यांच्या माहितीचा अभ्यास केला, त्यात बिहार, हरियाणा, तामिळनाडूबरोबर गोवाही होतं. ज्या गावात केबल आली तिथे नवऱ्यानं मारलेलं योग्यच असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही सैलावला. पडद्यावरची परकी बाई बघताना आपल्या बायका स्वतःकडेही बघत होत्या. फक्त तो फायदा स्वतःसाठी ठेवून दोष मात्र त्या परकीच्या पदरात घालत होत्या.

कोलंबसमधला सोमवार

२००२ ते २००५ मी कामासाठी ओहायोतल्या कोलंबस शहरात राहिले. ताईला जायचं होतं त्या विद्यापीठावरून माझी बस जायची. १ फेब्रुवारी २००४ च्या रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात, गाण्याच्या कार्यक्रमात, जॅनेट जॅक्सनचा एक स्तन सेकंदभरापेक्षाही कमी वेळ उघडा दिसला. सोमवारी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी, दोन मुलांची आई, चिडून थरथरत होती. "मुलं शेजारी बसली होती. मी रिमोट शोधेपर्यंत झालंसुद्धा." तिनं तक्रार पाठवली. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे अशा पाच लाखांहून जास्त तक्रारी गेल्या आणि सामना दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला, जो पुढे न्यायालयानं रद्द केला.

ती रिमोट शोधत होती. मला आत्याच्या टीव्हीचं बटण आठवलं, व्हायोलिनचा सूर आठवला. त्या रात्री मी डोंबिवलीला फोन करून आत्याला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तेव्हा कुणी सांगितलं नाही गं."

ताई तोवर ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दहा वर्षं काम करत होती. लग्न केलं नव्हतं.

काबूलहून फोन

आतोबा गेल्यावर आत्या आणि ताई पुण्याला कोथरूडला राहायला आल्या. २०१० मध्ये त्यांनी मागची खोली एका अफगाण विद्यार्थ्याला भाड्यानं दिली. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला येणारी अशी बरीच मुलं त्या वर्षांत होती. हा काबूलचा, बी.कॉम. करत होता, हिंदी झकास बोलायचा. हिंदी कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "तुलसी."

तुलसी म्हणजे 'क्योंकि सास भी कभी बहू थी'ची नायिका. ही मालिका अफगाणिस्तानात तोलो टीव्हीवर लागायची आणि त्या वेळेला रस्ते ओस पडायचे. साडीतलं उघडं पोट आणि देवांच्या मूर्ती तिथे धूसर करून दाखवत. तरी मौलवींना ती चालली नाही आणि २००८ मध्ये सरकारनं काही भारतीय मालिका बंद करण्याचा आदेश काढला. तोलोनं तो लगेच मानला नाही. धूसर केलेलं पोट काबूलच्या दिवाणखान्यात काय सांगत असेल याची कल्पना मी करू शकते. आमच्याकडेही बटण दाबून झाकलेलंच सर्वांत जास्त लक्षात राहिलं होतं. शिवाय तुलसीच्या नवऱ्याचं, मिहिरचं, दुसऱ्या बाईशी नातं, तिच्यापासून झालेला मुलगा, स्मृती गेली म्हणून मोडलेलं लग्न. गोष्ट संपू द्यायची नाही हा हिशेब मुंबईतही तोच होता.

त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला तीच शिष्यवृत्ती मिळाली होती. आई पाठवायला तयार नव्हती. तो आत्याला खाली मान घालून म्हणाला, "अम्मी बोलती हैं, उनके यहाँ ये सब चलता है।"

आत्यानं हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. म्हणाली, "फोन लाव."

मी तिथेच होते. त्याची आई मालिकांतलं हिंदी बोलत होती, आत्या शिक्षिकेचं हिंदी. संस्कृतीबद्दल, चारित्र्याबद्दल एक अक्षर निघालं नाही. आत्यानं खोली कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. संध्याकाळी सातनंतर खालचं गेट लागतं. समोर डॉक्टर राहतात. कॉलेजची बस कोपऱ्यावर थांबते. इथे वरण-भात असतो, मांस बाहेर खावं लागेल. वीस मिनिटं हेच. मध्येच पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि आत्या एकदम थांबली, शब्द सुचेना.

ताई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "सांग त्यांना, आतून कडी लागते."